बिबट्याचा पट्टा, तुझी वही

अगं, नोकरीची बातमी द्यायला तू फोन केलास तेव्हा मी बोरिवली स्टेशनच्या पुलावर होते, धड बोलता आलं नाही. म्हणून आज निवांत लिहितेय.

बिबट्याच्या गळ्यातल्या कॉलरचा डेटा सांभाळणं म्हणजे खुर्चीत बसून करायचं काम, असंच तुला वाटत असणार. मलाही वाटायचं. पण त्या बिबट्याला पिंजऱ्यात धरलं, भूल दिली, गळ्यात पट्टा बांधला. त्याला कुणी विचारलं होतं का? तुझ्या हातून फाईल गेली, तर त्याने सोसलेलं सगळं वाया जातं. एवढं आधी मनाशी धर, बाकीचं शिकता येतं.

आता माझी चूक ऐक. कॉलर वेळ पाठवते ती ग्रीनिचची, आपली घड्याळं साडेपाच तास पुढे. पहिल्याच महिन्यात मी हे विसरले. संध्याकाळी पावणेसातला बिबट्याने रस्ता ओलांडला, असं नकाशावर लिहून मोकळी झाले. खरं तर तेव्हा रात्रीचे सव्वाबारा झाले होते, तारीखसुद्धा बदलली होती. किती फरक पडतो बघ! माणसं झोपल्यावर जपून निघालेल्या जनावराला मी भर गर्दीत घुसणारं ठरवलं होतं. चूक सापडली ती मूळ फाईल जशीच्या तशी होती म्हणून. आलेल्या फाईलला हात लावायचा नाही, दुरुस्त्या नेहमी प्रतीवर. आणि एक प्रत ऑफिसच्या बाहेर असू दे.

वहीही ठेव. कुठल्या क्रमांकाची कॉलर कुठल्या जनावराला, किती वाजता शुद्धीवर आलं, कधी सोडलं, सगळं त्याच दिवशी लिही. टेबलावर चालू करून ठेवलेली कॉलरसुद्धा ठिकाणं पाठवत राहते. नोंद नसली तर वर्षभराने कुणी तुझी फाईल उघडेल आणि त्याला बिबट्या दोन दिवस ऑफिसात मुक्कामाला दिसेल.

मधले दिवस कोरे आले तर घाबरू नकोस, आणि स्वतःच्या अंदाजाने ते भरूही नकोस. दाट झाडी, खोल घळ, तिथे कॉलरला उपग्रह दिसत नाहीत. मोबाईल नेटवर्कवरून डेटा पाठवणारी कॉलर रेंज नसेल तिथे ठिकाणं साठवते आणि नंतर एकदम पाठवते. म्हणून निरोप कधी पोचला आणि जनावर तिथे कधी होतं, हे दोन वेगळे रकाने हवेत.

आजोबा आठवतो ना? २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला तो बिबट्या. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात त्याला कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं, आणि तो सुमारे १२० किलोमीटर चालून आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आला. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर गाडीखाली गेला. मेलेला बिबट्या आजोबाच, हे कळलं अंगातल्या चिपच्या क्रमांकावरून. दोन वर्षं आधी कुणीतरी तो क्रमांक नीट लिहून ठेवला होता. मला ही गोष्ट आठवली की आजही गलबलून येतं.

आणि तोंड बंद ठेव, बाई. २०२१ मध्ये वनखात्याने आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीने इथल्या बिबट्यांना कॉलर लावायला सुरुवात केली, सावित्री त्यातली पहिली. तेव्हापासून ओळखीपाळखीचा प्रत्येकजण विचारतो, 'आत्ता कुठेय गं?' आईलासुद्धा सांगू नकोस. २०१३ मध्ये पन्नाच्या एका वाघाची ठिकाणं ज्या ई-मेलवर यायची, तो उघडायचा कुणीतरी प्रयत्न केला होता. आपल्याकडे तर शिकारीही लागत नाही. आरेत किंवा मुलुंडला एका सोसायटीच्या ग्रुपवर 'बिबट्या मागच्या कुंपणाशी आहे' एवढं पडलं की मोबाईल घेऊन माणसं धावतात, दुसऱ्या दिवशी 'पिंजरा लावा' म्हणून अर्ज जातो. बिचाऱ्याने काही केलेलं नसतं, तो कुत्र्याच्या मागावर आलेला असतो.

पासवर्ड कागदावर लिहून कॉम्प्युटरला चिकटवला असशील, ओळखते मी तुला. तो आधी काढ. रविवारी घरी ये, येताना वही आण. पहिल्या आठवड्याच्या नोंदी आपण दोघी मिळून तपासू.