दंतरोपण आणि हिरड्यांचे आरोग्य : एक अभ्यासटिपण

हिरड्यांच्या जुनाट संसर्गाने, म्हणजेच पायोरियाने, दात गमावलेल्या रुग्णास जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात देता येतो. स्वीडनचे प्रा. ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली मनुष्यावर हा उपचार प्रथम केला. आपल्या जिल्ह्यात लोणी व संगमनेर येथे दंत महाविद्यालये असल्याने ग्रामीण रुग्णांसही आता ही चिकित्सा परिचित होऊ लागली आहे.

‘धातूला कीड लागत नाही, मग काळजी कशाची?’ असा प्रश्न रुग्ण विचारतात. कीड लागत नाही हे खरे. परंतु जिवाणूंचा चिकट थर धातूवरही साचतो. १९९५ साली मोंबेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरड्यांचे उपचार झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उरलेल्या दातांभोवतीच्या खोल पोकळ्या हे जिवाणूंचे कोठार असून तेथूनच ते नव्या रोपणाकडे जातात, असे त्यांनी दाखविले. म्हणजे उपचाराने संसर्ग आटोक्यात येतो, परंतु त्याचे मूळ तोंडातच राहू शकते.

नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात व ते जिवाणूंची वाट अडवितात. रोपणाभोवती ते बहुधा समांतर असतात. त्यामुळे दाह हाडापर्यंत लवकर पोहोचतो. केवळ हिरडी सुजली असेल तर स्वच्छतेने ती पूर्ववत होते. हाड झिजू लागल्यावर मात्र गेलेले हाड सहजी परत मिळत नाही. वेदना बहुधा होत नाहीत, म्हणून रुग्ण उशिरा येतो. मशेरी व तंबाखू यांमुळे धोका वाढतो, शिवाय हिरडीतून रक्त येण्याची पूर्वसूचनाही दबून जाते. अनियंत्रित मधुमेहही तितकाच घातक आहे.

प्रस्तुत लेखक वैद्यक नव्हे, हिशेब पाहणारा आहे. इमारत बांधताना देखभालीची तरतूद न करणारी संस्था पुढे अडचणीत येते, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. रोपणाचेही तसेच आहे. रुग्ण कष्टाची शिल्लक एकदाच खर्च करतो. परंतु दर तीन ते सहा महिन्यांच्या तपासणीचा प्रवासखर्च व बुडणारी मजुरी कोणीच हिशेबात धरीत नाही. पाथर्डी, शेवगाव भागातील कुटुंबे ऊसतोडणीस बाहेर पडली की हे अंतर आपोआप सहा महिन्यांवर जाते.

म्हणून तीन गोष्टी आवश्यक वाटतात. हिरड्यांचा संसर्ग पूर्ण आटोक्यात आल्यावाचून रोपण करू नये. पुढील तपासण्यांचा खर्च रुग्णास आरंभीच सांगावा. तपासणीच्या तारखा त्याचा हंगाम पाहून ठरवाव्यात, निदान गावी परतताच तो प्रथम येथे येईल अशा. देणगीदारांनी रोपणास साह्य करताना देखभालीचाही विचार करावा, ही नम्र विनंती. दात बसविणे हा उपचाराचा आरंभ आहे. तो टिकविणे हीच खरी सेवा.