रणदेवतेचे नाणे

प्रश्न : भालाधारी मार्सचे एक रोमन कांस्यनाणे मी विकत घेतले आहे. ते अस्सल आहे हे कसे ओळखावे, आणि संग्रह पुढे कसा वाढवावा?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : रोमन नाणी दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून हातोड्याने पाडीत असत, त्यामुळे भिंगाखाली कडेवर साच्याची सांधरेषा किंवा पृष्ठभागावर ओतकामाचे सूक्ष्म बुडबुडे दिसले, तर ते नाणे बहुधा ओतीव नक्कल आहे असे समजावे. शिरस्त्राण, भाला व ढाल ही मार्सची लक्षणे होत. साम्राज्याच्या पहिल्या शतकांतील कांस्यनाण्यांवर ‘एस. सी.’, म्हणजे ‘सेनेटच्या ठरावान्वये’, ही अक्षरेही बहुधा आढळतात. शतकांनी चढविलेली हिरवी-तपकिरी झिलई चिंच-लिंबाने घासून काढणे म्हणजे दस्तऐवजावरील मोहोर स्वहस्ते पुसण्यासारखे आहे. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटू लागल्यास ते नाणे तत्काळ वेगळे काढून कोरड्या जागी ठेवावे.

संग्रहास स्वदेशी जोड हवी असल्यास यौधेय या प्राचीन भारतीय गणराज्याच्या ताम्रनाण्यांकडे वळावे, कारण तेथे आपला सेनापती कार्तिकेय भाला घेऊन, क्वचित षडानन रूपातही, उभा आहे. खरेदीची पावती व तपशील जपावा. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या कायद्यान्वये पुरावस्तू परदेशी धाडण्याची खाजगी व्यक्तीस मनाई आहे. तूर्त १८६३ पासून उभ्या असलेल्या आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, निवांत जाऊन जुन्या नाण्यांवर नजर बसवावी. संग्राहकाचे खरे भांडवल तीच.