काठीची सावली आणि ड जीवनसत्त्व
(वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी आरोग्यशिक्षणाचा एक पाठ)

आपल्या देशात सूर्यप्रकाशाची वाण नाही. तरीही सूर्यप्रकाशापासून मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाची उणीव शहरांप्रमाणे खेड्यांतही आढळते. ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु तिची कारणे आपल्या घरांत, पेहरावात आणि दिनक्रमात आहेत. ती कारणे जाणून घेण्याचे आणि घरोघरी पोहोचविण्याचे काम प्राथमिक शिक्षकाइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही. या हेतूने हा पाठ येथे मांडला आहे.

पाठाची उद्दिष्टे : (१) ड जीवनसत्त्वाचे शरीरातील कार्य विद्यार्थ्यांस समजावे. (२) ऊन केव्हा उपयोगी पडते, हे त्यांनी स्वतः मोजून पाहावे. (३) हे ज्ञान त्यांनी आपल्या कुटुंबापर्यंत न्यावे.

पूर्वतयारी : पाठाच्या चार-पाच दिवस आधी कोंबडीचे एक बारीक, स्वच्छ हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे. पाठाच्या दिवशी ते धुऊन विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे. ते रबरासारखे वाकते. त्यातील क्षार विरघळून गेले, म्हणून त्याचा ताठपणा गेला. हाडाचा आकार तोच, पण बळ नाही, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसली म्हणजे अर्धा पाठ झाला असे समजावे.

विषयविवेचन : हाडांना बळकटी देणारे क्षार मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फरस यांचे असतात. अन्नातून कॅल्शियम पोटात गेले तरी आतड्यांतून ते पुरेसे शोषले जाण्यास ड जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व आपली त्वचा स्वतःच तयार करते. सूर्याच्या किरणांतील अतिनील किरणांचा एक भाग त्वचेवर पडला की तेथील एका स्निग्ध द्रव्याचे ड जीवनसत्त्वात रूपांतर होते. पुढे यकृत आणि मूत्रपिंडे त्यावर संस्कार करून त्यास कार्यक्षम रूप देतात. वाढत्या वयात त्याची उणीव झाली तर हाडे मऊ राहतात आणि शरीराच्या भाराने वाकतात. या विकारास मुडदूस म्हणतात. बाळाची टाळू उशिरा भरणे, दात उशिरा येणे, मनगटे रुंद होणे आणि पाय धनुष्यासारखे वाकणे ही त्याची लक्षणे होत. प्रौढांत हाडे ठणकतात, स्नायू दुबळे होतात आणि जमिनीवरून उठणेही जड जाते.

या ज्ञानाचा इतिहास बोधप्रद आहे. इंग्लंडात एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ च्या सुमारास कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून मुडदूस आहाराशी निगडित असल्याचे आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टळत असल्याचे दाखविले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने मुडदूस झालेली मुले बरी केली. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांनी त्या तेलातील हा गुण अ जीवनसत्त्वाहून निराळा असल्याचे सिद्ध केले. त्यास पुढे ड हे नाव मिळाले. त्याच वर्षी हचिसन व शाह यांचा नाशिक येथील अभ्यास प्रसिद्ध झाला. उघड्यावर कष्ट करणाऱ्या गरीब कुटुंबांपेक्षा पडद्यात राहणाऱ्या सुस्थित कुटुंबांत हा विकार अधिक, असे त्यांना दिसले. संपन्नता होती, पण ऊन नव्हते. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच भूमीत मिळालेला हा धडा आजही जुना झालेला नाही.

प्रात्यक्षिक : सकाळच्या कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळते, असे आपण वर्षानुवर्षे शिकवीत आलो. हे विधान आता दुरुस्त केले पाहिजे. सूर्य क्षितिजाजवळ असता त्याच्या किरणांस वातावरणाचा लांब प्रवास करावा लागतो आणि त्वचेस हवे असलेले अतिनील किरण वाटेतच बहुतांशी शोषले जातात. कोवळे ऊन ऊब देते, प्रसन्नता देते. ड जीवनसत्त्व मात्र फार थोडे देते.

शाळेच्या मैदानात एक मीटर लांबीची काठी सरळ रोवावी. सकाळी ८ वाजल्यापासून दर तासाला मुलांनी सावली मोजून फळ्यावर मांडावी. आठ वाजता सावली काठीच्या सुमारे दुप्पट किंवा त्याहूनही लांब भरेल. सावली काठीहून आखूड झाली की ऊन उपयोगी झाले, असा हा स्थूल नियम आहे. उन्हाळ्यात ही वेळ दहाच्या आतच येते. म्हणून वैशाखाच्या भर दुपारी कोणी उन्हात बसण्याचे कारण नाही. मार्गशीर्ष-पौषात मात्र ती साडेबाराच्या आसपास थोडा वेळच येते. अशा वेळी हात, पाय व चेहरा उघडे ठेवून पाव ते अर्धा तास, आठवड्यातून काही दिवस बाहेर राहिल्यास बहुतेकांस लाभ होतो. सावळ्या त्वचेस अधिक वेळ लागतो. खिडकीच्या काचेआडचे ऊन या कामी निरुपयोगी असते. त्वचा भाजेल इतके ऊन कोणीही घेऊ नये.

कुटुंबातील व्यक्ती : घरात सर्वांची गरज सारखी नसते. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व अल्प असते. म्हणून अंगावरचे दूध तोडावे असे मुळीच नव्हे. ते बाळाचे सर्वोत्तम अन्नच होय. मात्र पहिल्या वर्षी बाळास दररोज ४०० एककांचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावेत. तान्ह्या बाळास कडक उन्हात ठेवू नये. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांकडे विशेष लक्ष हवे, कारण बाळाचा पहिला साठा आईकडूनच येतो. वयात येणाऱ्या मुली खेळाच्या तासाला वर्गातच बसून राहतात, हे अनेक शाळांत दिसते. त्यांना मैदानावर आणणे हे केवळ क्रीडाशिक्षण नव्हे, ते आरोग्यरक्षणही आहे. वृद्धांची त्वचा हे जीवनसत्त्व कमी प्रमाणात बनविते आणि पडल्यास त्यांचे हाड लवकर मोडते. म्हणून आजी-आजोबांची बाजही अंगणात यावी.

आहार : ड जीवनसत्त्व फार थोड्या पदार्थांत असते. तारली, बांगडा यांसारखे तेलकट मासे, अंड्याचा बलक आणि यकृत हे ते पदार्थ होत. काही दुधांत व खाद्यतेलांत ते मिसळलेले असते. अशा पिशवीवर अधिक चिन्हासह इंग्रजी एफ अक्षराची निळी खूण असते. नाचणीत ड जीवनसत्त्व नसते, परंतु १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेव्हा नाचणीची भाकरी, तीळ, दूध आणि ऊन यांची सांगड घालावी. दोहोंपैकी एकच मिळाल्यास काम अर्धवट राहते.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता : वाकलेल्या पायांच्या मुलास वर्गात फळ्याजवळ उभे करून त्याचे उदाहरण कदापि देऊ नये. त्यास टोपणनावाने हाक मारली जात असेल तर ती रीत प्रथम मोडावी. रोगनिदान हे शिक्षकाचे काम नव्हे. पाय वाकण्यास पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडसारखी अन्य कारणेही असतात. अशा मुलाचे नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकास कळवावे आणि पालकांस एकांतात सांगावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात मुडदुसाची तपासणी समाविष्ट आहे. मुडदूस वेळीच ओळखला तर उपचारांनी हाडे पुष्कळदा सरळ होतात. विलंब झाला तर व्यंग कायमचे राहू शकते. तसेच गोळ्या किंवा इंजेक्शने मनाने घेऊ नयेत, हेही पालकांस बजावावे. हे जीवनसत्त्व शरीरात साठते. अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांस अपाय होतो.

स्वाध्याय : (१) आपल्या घरातील प्रत्येक व्यक्ती काठीहून आखूड सावलीच्या वेळी किती मिनिटे घराबाहेर असते, याचा आठ दिवसांचा तक्ता करा. (२) सर्वांत कमी ऊन कोणास मिळते? त्याचे कारण लिहा. (३) काचेआडचे ऊन का उपयोगी पडत नाही?

बहुतेक तक्त्यांत सर्वांत कमी मिनिटे घरातील सुनेच्या, बाळंतिणीच्या किंवा आजीच्या नावापुढे आढळली, तर आश्चर्य मानू नये. तो तक्ता मुलाने घरी वाचून दाखवावा. शिक्षकाने शंभर वेळा सांगून जे पटत नाही, ते मुलाने स्वतः मोजलेल्या आकड्यांनी पटते. आणि ज्या दिवशी त्या माउलीचे धान्य निवडणे माजघरातून अंगणात येईल, त्या दिवशी हा पाठ खऱ्या अर्थाने पूर्ण झाला असे म्हणता येईल.