अस्पृश्यतेचा पाठ शिकविताना

नागरिकशास्त्रात संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाचा भाग आला म्हणजे पुष्कळ वर्गांत एकच क्रम दिसतो. शिक्षक परिच्छेद वाचतात, अस्पृश्यता नष्ट झाल्याचे वाक्य फळ्यावर लिहितात, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि पाठ पुढे सरकतो. परीक्षेत उत्तरही बरोबर येते. परंतु पाठाचे उद्दिष्ट कितपत साधले, हे उत्तरपत्रिकेपेक्षा मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ अधिक चांगले कळते. इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गांत हा पाठ घेणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांना उपयोगी पडावे, अशा दृष्टीने पुढील विवेचन केले आहे.

१. अडचणींचे स्वरूप

पहिली अडचण अशी की, ज्यांच्या पूर्वजांनी हा अन्याय सोसला त्यांची मुले त्याच वर्गात बसलेली असतात. धड्यात जातीचे नाव येताच साऱ्या वर्गाच्या माना एका बाजूस वळतात आणि तेथील मुलगा खाली पाहू लागतो. त्याच्या हातून काहीही घडलेले नसताना लाज मात्र त्याच्या वाट्याला येते.

दुसरी अडचण घर व शाळा यांतील अंतराची आहे. शाळेत समता शिकलेले मूल घरी वेगळी वागणूक पाहते व गोंधळते.

तिसरी अडचण शिक्षकाची स्वतःची आहे. त्याला त्याच गावात काम करावयाचे असते. पालकांशी व शाळा व्यवस्थापन समितीशी रोजचा संबंध असतो. शिवाय मराठवाड्यात १९७८ ते १९९४ या काळातील विद्यापीठ नामांतराच्या कटू आठवणी अनेक घरांत अद्याप जाग्या आहेत. त्यामुळे हा पाठ उरकून टाकण्याकडे कल होतो.

२. पूर्वतयारी

पाठापूर्वी शिक्षकाने काही पथ्ये ठरवून घ्यावीत. कोणत्याही मुलास उभे करून 'तुझा अनुभव सांग' असे म्हणू नये. त्याला आपण होऊन सांगावेसे वाटले तर शांतपणे ऐकावे. इतर मुलांना प्रश्नांचा भडिमार करू देऊ नये. जातीचा उल्लेख असलेल्या शिष्यवृत्तीच्या याद्या वर्गात मोठ्याने वाचू नयेत. जातीच्या नावाने कोणाचे अवगुण सांगणाऱ्या म्हणी आपल्या बोलण्यात नकळत येतात काय, हेही पाहावे. मुले शब्दांपेक्षा सूर लवकर उचलतात.

३. विषयप्रवेश

आरंभ दूरच्या उदाहरणाने करावा. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात १४ नोव्हेंबर १९६० रोजी रूबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी, तोवर केवळ गोऱ्या मुलांसाठी असलेल्या शाळेत दाखल झाली. बाहेर जमाव ओरडत होता. सरकारी अधिकाऱ्यांच्या पहाऱ्यात तिला आत न्यावे लागले. गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली. बार्बरा हेन्री या शिक्षिकेने मात्र रिकाम्या वर्गात वर्षभर त्या एकटीला शिकविले.

ही गोष्ट ऐकून मुलांना त्या जमावाचा राग येतो. तो येऊ द्यावा. मग विचारावे, "त्या मुलीचे काय चुकले होते?" उत्तर एकच येते. पुढचा प्रश्न असा, "मग लाज कोणाला वाटावयास हवी होती?" या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर लिहून ठेवावे, पुढे त्याचा उपयोग होतो.

पाठ येथेच थांबविण्याचा मोह टाळला पाहिजे. परदेशातील अन्यायाविषयी बोलणे सोपे असते, कारण तेथील कोणी आपल्या ओळखीचे नसते. दूरचे व जवळचे यांचा सांधा महात्मा जोतीराव फुले यांनी फार पूर्वीच दाखविला. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी, अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या तेथील सज्जनांना अर्पण केला आहे.

४. विषयविवेचन

यानंतर सातारच्या शाळेतील भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याची हकीकत सांगावी. बसावयास गोणपाटाचा तुकडा तो घरून आणीत असे. नळाला हात लावण्यास त्यास मनाई होती. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे, शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच राही. येथे शिक्षकाने फळ्यावरील उत्तराकडे बोट दाखवावे. अधिक भाष्याची गरज पडत नाही.

पुढे महाडच्या चवदार तळ्याचा कालक्रम फळ्यावर मांडावा :

१९२३ : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत.
१९२४ : महाड नगरपालिकेचा तळे खुले करणारा ठराव.
२० मार्च १९२७ : डॉ. बाबासाहेब आंबेडकर व हजारो अनुयायी तळ्याचे पाणी पितात. त्यानंतर सवर्णांकडून तळ्याचे 'शुद्धीकरण'.
१९३७ : मुंबई उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय.

मुलांना वजाबाकी करावयास सांगावी. पहिल्या ठरावापासून न्यायालयाच्या निर्णयापर्यंत १४ वर्षे गेली. ठराव होता, तरी पाणी बंद होते. ते का, यावर चर्चा घ्यावी. शेवटी १९५५ चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा सांगावा. १९७६ मध्ये त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले. पाणवठ्यावर कोणास अडविणे हा या कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांस स्पष्ट कळले पाहिजे.

५. उपयोजन

(अ) भूगोलाच्या तासाला गावाचा नकाशा काढतात, तेव्हा कोणती वस्ती गावठाणापासून किती दूर आहे व पाणी कोठून येते, हे मुलांनी मोजून दाखवावे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आहे. नकाशात नवीन नावच लिहावे.

(आ) वर्गात पेन्सिल हरवली की पारधी मुलाच्या दप्तराकडे प्रथम पाहिले जाते, असा प्रकार घडत असल्यास तो तेथेच थांबवावा. ब्रिटिश सरकारच्या १८७१ च्या कायद्याने सुरू झालेल्या व्यवस्थेत संपूर्ण जमातींवर जन्मावरून गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला; शिक्का मात्र लोकांच्या मनात राहिला आहे.

(इ) बीड जिल्ह्यातील अनेक जातींची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. परमुलखात आपल्याला हलके लेखले गेल्याचा अनुभव यांपैकी पुष्कळ मुलांनी घेतलेला असतो. 'माणूस न पाहता नाव ठेवले गेले, असा प्रसंग' या विषयावर सर्व वर्गाने दहा ओळी लिहाव्यात. त्या वाचून दाखविण्याची सक्ती नसावी. सर्वच मुले लिहीत असल्यामुळे कोणी एकटे उघडे पडत नाही.

६. शाळेतील दैनंदिन व्यवस्था

पोषण आहाराच्या वेळी मुलांना पटावरील क्रमाने अथवा चिठ्ठ्या टाकून बसवावे व दर आठवड्यास जागा बदलाव्यात. पाणी भरणे, वाढणे, झाडलोट या कामांची पाळी सर्वांना सारखी यावी आणि तक्ता भिंतीवर लावावा. झाडू नेहमी त्याच दोन मुलांच्या हाती जात असेल, तर वर्गातील पाठ फुकट गेला असे समजावे. पालकाची तक्रार आली असता वाद न घालता तक्ता दाखवावा आणि हा नियम सर्वांना लागू आहे, एवढेच सांगावे. शिक्षकाने स्वतः त्याच पंगतीत बसून जेवावे. पालकांना सांगण्याजोगे यापेक्षा चांगले उत्तर नाही.

७. मूल्यमापन

या पाठास गुण देण्याची घाई नसावी. महिनाभर शिक्षकाने तीन गोष्टींची टाचणे ठेवावीत : डबा कोण कोणाशी वाटून खातो, खेळात शेवटी कोणाला निवडले जाते आणि पाठाच्या वेळी ज्या मुलाची मान खाली गेली होती, तो आपण होऊन हात वर करू लागला काय. तिसऱ्या टाचणाला सर्वांत अधिक महत्त्व द्यावे.