कडुनिंबाने जंतू मरतात का?

“डॉक्टर, कडुनिंबाने जंतू मरतात ना? मग जखमेवर पाला वाटून लावला तर बिघडलं कुठं?” दवाखान्यात हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. प्रयोगशाळेत याची परीक्षा कशी घेतात, ते आज पाहू.

कडुनिंबाची पाने धुऊन, सावलीत वाळवून पूड करतात. ती अल्कोहोलमध्ये भिजवून, गाळून अर्क काढतात. काचेच्या उथळ बशीत जंतूंचे खाद्य घातलेले अगर थिजवतात. समुद्री शेवाळापासून मिळणारा हा जेलीसारखा पदार्थ. त्यावर जंतू पसरतात : बहुधा गळवे करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि लघवीच्या मार्गात दाह करणारा ई. कोलाय. मग अर्कात भिजवून सुकवलेली ६ मिलिमीटरची कागदी चकती ठेवून बशी रात्रभर ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात.

सकाळी बशीवर जंतूंचा पांढुरका थर दिसतो. अर्काने वाढ रोखली असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते. ते मोजतात. शेजारी नुसत्या अल्कोहोलची चकती हवीच. नाहीतर गुण पानाचा की अल्कोहोलचा, हे कळणार कसे?

कडुनिंबाच्या अर्काने अशी वर्तुळे पडल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. ई. कोलायला बाहेरून आणखी एक आवरण असते, म्हणून तो सहसा लवकर दाद देत नाही. म्हणजे आजीबाईंचे म्हणणे अगदीच खोटे नाही.

पण वाचकहो, बशी म्हणजे शरीर नव्हे. बशीत रक्त नसते, पू नसतो. शिवाय स्वच्छ वर्तुळ म्हणजे तेथील जंतू मेलेच असे नाही. कधी त्यांची वाढ फक्त थांबलेली असते. प्रयोगातला अर्क तीव्र आणि मोजून घेतलेला असतो. घरी वाटलेल्या पाल्यात अर्क किती, याचा हिशेब नसतो. उलट त्यासोबत धूळमाती जखमेत जाते. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात.

सर्वांत जास्त धोका मधुमेहींना. पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे जखम दुखत नाही. पाला बांधून आठ-दहा दिवस निघून जातात. तोवर जखम आत चिघळून बोट कापण्याची पाळी आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

म्हणून जखम प्रथम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, सभोवारची कातडी साबणाने साफ करा, स्वच्छ कापड बांधा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. सूज, पू, ताप किंवा काळसरपणा दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेहींनी तर पायाची छोटी जखमही लगेच दाखवावी. कडुनिंब दारात सावलीला जरूर असू द्या, जखमेवर नको.