समन्सचे तीस दिवस

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत कळंब तालुक्यातील आमच्या खेड्यात बेलीफ आला. धुऱ्याच्या वादातून शेजाऱ्याने आमच्यावर दिवाणी दावा लावला होता. बाबा आठ दिवस बाहेरगावी होते. आईने अंगठा देऊन समन्स घेतले व देव्हाऱ्यात ठेवले. बाबा आल्यावर म्हणाले, "पेशीला दीड महिना अवकाश आहे. त्या दिवशी जाऊ, काय सांगायचे ते सांगू." घरात वाचणारा मी एकटाच. पण माझी परीक्षा जवळ आली होती. मी तो कागद सव्विसाव्या दिवशी उघडला.

वकिलांचा पहिला प्रश्न होता, "कागद हातात कधी पडला?" पेशीची तारीख त्यांनी नंतर विचारली. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्या आदेश ८, नियम १ प्रमाणे समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने लेखी जबाब द्यावा लागतो. कारणे नोंदवून न्यायालय ही मुदत वाढवू शकते, पण बजावणीपासून ९० दिवसांपर्यंत. "बाबा घरी नव्हते" ही सबबही चालली नसती. प्रतिवादी लवकर भेटण्याजोगा नसेल, तर सोबत राहणाऱ्या प्रौढ कुटुंबीयाकडे समन्स देता येते. १९७६ च्या दुरुस्तीपूर्वी तो कुटुंबीय पुरुषच असावा लागे. आता आईचा अंगठा पुरतो.

बाबांना अडाणी म्हणावे, तर तेही खरे नाही. आजोबांच्या काळी पहिल्या पेशीपर्यंत जबाब देता येत असे, आणि घरात तीच समजूत चालत आली. १ जुलै २००२ पासून नियम बदलला, तो आमच्या गावात कोणी सांगितला नाही.

९० दिवसही उलटले तर? कैलाश विरुद्ध नान्हकू या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ही मर्यादा अगदी अपवादात्मक परिस्थितीत शिथिल होऊ शकते. व्यापारी दाव्यांना मात्र १२० दिवसांनंतर ती सवलत नाही. जबाबच न दिल्यास न्यायालय वादीच्या बाजूने निकाल देऊ शकते. गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करून घेण्यासाठी पुन्हा तीसच दिवस. समन्स रीतसर बजावले नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून.

आमचा जबाब अडतिसाव्या दिवशी, मुदतवाढीच्या अर्जासह दाखल झाला. न्यायालयाने खर्च भरायला लावून तो घेतला. त्या पैशांत माझी वर्षाची पुस्तके आली असती. दावा अजून चालू आहे. पुढची पेशी उन्हाळ्याच्या सुटीनंतर आहे.