कचऱ्याची जागा कोण ठरवतं?



कचरा कुठे टाकायचा हे गावाने ठरवलं नाही, की तो ओढ्याकाठी नाहीतर विहिरीजवळ साठतो. पावसात त्याचं घाण पाणी झिरपतं आणि मग लांबून हंडा आपल्यालाच आणावा लागतो. म्हणून ही जागा 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यातच लिहून घ्यायची.

पैसे कुठून येणार? 2020 पासूनच्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत तरतूद ठेवली. म्हणजे 2,000 वस्ती असेल तर 1,20,000 रुपये. त्यातले 30 टक्के ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. तिथे हे तीन मुद्दे मांडा:

1. जागा विहीर, ओढा, शाळा आणि घरांपासून लांब हवी.
2. ओल्या कचऱ्याचं खत, प्लास्टिक वेगळं. खड्ड्यात फक्त उरलेलाच कचरा जावा.
3. गाडी कोण चालवणार, तिचा पगार कशातून?

ठराव इतिवृत्तात उतरला का, ते वाचून बघा. मगच सही करा.

बैठकीत चर्चा करा: आपल्या गावचा कचरा आज नेमका कुठे जातो?